काजळीचा डाग

तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत विद्यार्थ्याला एक उदाहरण हमखास सांगितलें जातें. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तेथें अग्नि आहे असें जाणावें. पंडितांनीं या उदाहरणाचा पिढ्यान्‌पिढ्या खल केला. परंतु अग्नि विझला आणि धूर विरला, म्हणजे पुढें काय, हा प्रश्न त्यांनीं गृहिणीवर सोपविला. अग्नि विझतो, धूर खिडकीवाटे निघून जातो. मागें राहतो तो भिंतीवरचा, तसबिरीवरचा, झोपाळ्याच्या कड्यांवरचा काळा डाग. तो डाग कशाचा असतो, तो कसा काढावा, आणि काढतांना कोणती चूक होऊं देऊं नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय घरगुती आहे. तेव्हां त्याचा आरंभ एखाद्या गांवापासून करणें बरें. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यांत, राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर, आगरदांडा नांवाचें गांव आहे. खाडीपलीकडे समोर दिघी. दोहोंमध्यें तरीची ये-जा चालते. जवळच समुद्रांत जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानांत होता; संस्थान विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि १९८१ मध्यें त्या जिल्ह्याचें नांव रायगड झालें. राज्य बदललें, जिल्ह्याचें नांव बदललें. परंतु या किनाऱ्यावरील जुन्या कौलारू घरांत एक गोष्ट पुष्कळ काळ बदलली नाहीं. ती गोष्ट म्हणजे चूल. चुलीचा धूर वर चढे, वाशांना वळसा घाली आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडे. जातांना तो वाशांवर आपली सही ठेवून जाई.

हा धूर निव्वळ शत्रु होता असेंही नाहीं. लांकडाला लागणारी कीड तो दूर ठेवी; पावसाळ्याच्या ओलसर हवेंत चुलीवर टांगलेलें बियाणें आणि सुकी मासळी तो राखी. म्हणून आढ्याची काजळी कोणी मुद्दाम काढीत नसे. पुढें वीज आली, गॅस आला, चूल मागील पडवींत पाणी तापविण्यापुरती उरली. तरी दोन-तीन पिढ्यांची काजळी आढ्याला तशीच चिकटून राहिली. डोक्यावर आहे तोंवर तिचा त्रास कोणाला वाटला नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि घरोघरचीं कौलें व पत्रे उडाले. कित्येक गांवांत दिवसेंदिवस वीज नव्हती. विजेच्या अभावीं माळ्यावरचे कंदील खालीं उतरले, मेणबत्त्या लागल्या, विझलेल्या चुली पुन्हां पेटल्या. उघड्या छपरांतून पावसाचें पाणी घरांत शिरलें, तें मात्र पांढरें नव्हतें. वाशांवरची जुनी काजळी बरोबर घेऊन तें खालीं उतरलें.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. पुढें ओटी, ओटीवर शिसवी झोपाळा, मागें माजघर, माजघरांत एक लांकडी पेटी आणि भिंतीवर तसबिरी. घरांत एकटी वृद्ध आई. त्या दिवसांत महामारीमुळें प्रवासावर निर्बंध होते. त्यामुळें मुंबईस असलेला मुलगा आणि सून यांना घरीं पोहोंचावयास आठवडा लागला. मुलगा माजघरांत शिरतो, तों भिंतीवर वरून खालीं काळे ओघळ उतरलेले, पेटीवर काळे ठिपके, आणि वडिलांच्या तसबिरीच्या वरच्या कोपऱ्यांतून कांचेच्या आंत ओल गेलेली. मुलाच्या मनाला तें दृश्य सहन होत नाहीं. तो बादलीभर पाण्यांत मूठभर धुण्याचा सोडा टाकतो, काथ्याचा बोळा घेतो आणि म्हणतो, "आई, तूं बस. दोन तासांत घर लख्ख करतों."

"अरे, जरा दमानें घे," आई म्हणते. "भिंत कुठें पळून चालली आहे?"

मुलगा ऐकत नाहीं. तासाभरानें पाहावें तों जेथें चार ओघळ होते, तेथें सबंध भिंतच राखी झालेली असते. पेटीचें पॉलिश सोड्यानें उतरून लांकूड पांढुरकें पडलेलें असतें. मग तो तसबिरीकडे वळतो. तेव्हां मात्र आई उठून मध्यें उभी राहते. "तिला हात लावूं नकोस. भिंतीला पुन्हां चुना देतां येईल. तुझ्या वडिलांचा चेहरा पुन्हां कुठून आणशील?"

त्या माउलीनें एका वाक्यांत या विषयाचें सार सांगितलें. घरांतील कांहीं वस्तु पुन्हां करतां येतात, कांहीं येत नाहींत. आणि डाग पुसणारा हात दोन्हींवर सारखाच चालला, तर घर स्वच्छ होतें पण घराची ठेव जाते.

मुलाच्या कष्टाचें फळ उलटें कां झालें, हें समजण्यासाठीं काजळीचें स्वरूप पाहिलें पाहिजे. जळण पुरतें जळलें, तर त्यांतील कोळशाच्या तत्त्वाचा, म्हणजे कार्बनचा, अदृश्य वायु होतो. हवा कमी पडली, जळण ओलें असलें किंवा वात मोठी झाली, म्हणजे कांहीं कार्बन न जळतां सूक्ष्म कणांच्या रूपानें उडून जातो. हे कण इतके बारीक असतात, कीं माणसाच्या केसाच्या जाडींत ते हजाराहून अधिक एका ओळींत मावतील. रॉकेलच्या साध्या उघड्या चिमणीची तपासणी शास्त्रज्ञांनीं केली, तेव्हां जळलेल्या तेलाच्या दर शंभर भागांपैकीं सात ते नऊ भागांची काजळीच होते, असें त्यांना आढळलें. चिमणीखालीं अभ्यास करणाऱ्या मुलांच्या नाकपुड्या सकाळीं काळ्या कां होत, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

हा कार्बन पाण्यांत विरघळत नाहीं. साबणांत विरघळत नाहीं. कपडे पांढरे करणाऱ्या ब्लीचिंगच्या द्रवानेंही त्याचा रंग जात नाहीं. हळदीचा डाग उन्हांत उडतो, शाईचा डाग औषधानें फिका पडतो, कारण तेथें रंगद्रव्याचें रूपांतर होतें. काजळीचें रूपांतर होत नाहीं. ती जागेवरून उचलूनच न्यावी लागते. शिवाय लांकडाच्या धुरांत डांबरासारखा चिकट अंश असतो, स्वयंपाकाच्या धुरांत तेलाची वाफ असते, आणि या दोहोंच्या योगानें कण पृष्ठभागाला धरून बसतात. अशा थरावर पाणी ओतून घांसलें, म्हणजे मोकळे कण ओले होऊन चुन्याच्या छिद्रांत आणि कापडाच्या धाग्यांत शिरतात. डाग निघत नाहीं, तो पसरतो आणि मुरतो. आगरदांड्याच्या त्या भिंतीवर नेमकें हेंच घडलें.

यावरून पहिला नियम निघतो: आधीं कोरडें, मग ओलें. ओघळ ओले असतील तर ते पूर्ण वाळूं द्यावेत. पंखा लावूं नये, कारण वाऱ्यानें काजळी उडून न बिघडलेल्या वस्तूंवर बसते. दारें-खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्यात. तोंडाला घट्ट बसणारा मुखपट्टा आणि हातांत मोजे घालावेत. लहान मुलें व दमेकरी यांना घराबाहेर ठेवावें. विजेच्या बटणांपाशीं काम असेल, तर प्रवाह आधीं बंद करावा. मग वरून खालीं, म्हणजे आढें, भिंती, सामान आणि शेवटीं जमीन, या क्रमानें मऊ कुंचल्यानें काजळी हलकेच झाडावी. खराटा वापरूं नये; त्याच्या हिरांचे ओरखडे काजळीसकट भिंतींत जातात. घरांत व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर त्याचें तोंड पृष्ठभागापासून बोटभर दूर धरून नुसते मोकळे कण ओढून घ्यावेत.

कुंचल्यानें न निघणारी काजळी टिपण्याकरितां रबराचा कोरडा स्पंज मिळतो. तो नसेल, तर स्वयंपाकघरांतील कणीक उपयोगी पडते. कणीक अगदीं घट्ट मळावी; हाताला चिकटेल इतकी सैल नसावी. तिचा गोळा भिंतीवर दाबावा आणि उचलावा; घांसूं नये. काळी झालेली बाजू आंत दुमडून नवी बाजू पुढें घ्यावी. काम झाल्यावर कणकेचा कणही भिंतीवर राहूं देऊं नये, नाहीं तर कोंकणच्या दमट हवेंत तेथें बुरशी येते आणि मुंग्यांची रांग लागते.

ही युक्ति आपल्याकडची आहे म्हणून कोणी हंसूं नये. अमेरिकेंत सिनसिनाटी येथें कुटोल नांवाची एक कंपनी होती. तेथील घरें कोळशाच्या शेगडीनें तापवीत, आणि भिंतींवर चिकटविलेल्या नक्षीच्या कागदावर काजळी बसे. तो कागद धुतां येत नसे. म्हणून ही कंपनी १९३३ पासून पिठाचा एक मळलेला गोळा विकूं लागली. तो कागदावर फिरविला कीं काजळी त्याला चिकटून येई. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा मागें पडून तेल व गॅस आले, काजळी कमी झाली, आणि गोळ्याचा खप बसला. तेव्हां लहान मुलांच्या एका शिक्षिकेनें सुचविल्यावरून तोच गोळा १९५६ मध्यें खेळणें म्हणून बाजारांत आला. आज घरोघरीं मुलें ज्याला प्ले-डो म्हणतात, तो मूळचा काजळी टिपणारा कणकेचा गोळाच होय.

कोरडें काम संपल्यावरच पाण्याकडे वळावें, आणि प्रत्येक वस्तूची जात ओळखून वळावें. प्रथम भिंती. तैलरंगाची भिंत धुतां येते. कोमट पाण्यांत भांडीं घांसण्याचा सौम्य साबण घालून, पिळलेल्या फडक्यानें, हात हात जागा पुसावी व लगेच स्वच्छ पाण्यानें पुसून कोरडी करावी. येथें क्रम उलटा, म्हणजे खालून वर असतो. वरून धुवावयास आरंभ केला, तर काळें पाणी खालच्या कोरड्या रंगावर ओघळतें, आणि त्या ओघळांच्या रेषा पुढें जात नाहींत. चुन्याची भिंत मात्र धुण्याच्या भरीस पडूं नये. ती झाडून, डागाळलेला पापुद्रा खरवडून, वाळल्यावर तिला पुन्हां चुन्याचे हात द्यावेत. सिमेंटच्या गिलाव्यावर रंग देतांना पुष्कळदां असा अनुभव येतो, कीं पांढऱ्या रंगांतून चार दिवसांनीं पिंवळट-तपकिरी डाग वर येतो. तो धुरांतील डांबरी अंश असतो. अशा वेळीं स्वच्छ केलेल्या, खडखडीत वाळलेल्या भिंतीवर स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडी लाखेचा एक पातळ हात देऊन मग रंग द्यावा. लाख डागाला आंतच अडवून धरते.

दुसरें लांकडी सामान. झोपाळा, पेटी, कपाट यांच्यावर पॉलिशचा थर असतो. बहुधा काजळी त्या थरावर असते, लांकडांत नसते. म्हणून थर राखून काजळी काढणें हें खरें कौशल्य. कोरड्या कुंचल्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेलें सुती फडकें लांकडाच्या रेषांच्या दिशेनें फिरवावें, आणि त्यामागोमाग कोरडें फडकें फिरवावें. धुण्याचा सोडा, राख किंवा काथ्या येथें चालत नाहीं. लांकूड पुरतें वाळल्यावर मेणाचा किंवा तेलाचा हलका हात द्यावा. काजळी न काढतां आधींच तेल चोळणारे पुष्कळ असतात. वस्तु क्षणभर चकाकते, पण काजळी तेलांत कालवली जाऊन तिचा कायमचा रंग होतो.

तिसरी धातूचीं भांडीं, समया व झोपाळ्याच्या पितळी कड्या. लांकडाच्या चुलीची काजळी राखेनें व चिंचेनें निघते, हें सांगावयास नकोच. मात्र चांदीचा मुलामा असलेल्या वस्तूवर राख लावूं नये. मुलामाच निघून जातो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावूं नये, तीं काळवंडतात. आणि घरांत आग लागून त्यांत विजेच्या तारा किंवा प्लॅस्टिक जळलें असेल, तर उशीर करूं नये. त्या धुरांत आम्ल असतें. दोन-चार दिवसांत तें धातूला खाऊं लागतें, आणि मग डाग उरत नाहीं, खड्डा उरतो. अशा आगींत सांपडलेलें उघडें अन्न, धान्य व औषधें टाकून द्यावींत. तेथें काटकसर करूं नये.

चौथें कापड. पडदे, चादरी, गाद्यांच्या खोळी प्रथम घराबाहेर नेऊन हलकेच झटकाव्यात. बसलेल्या काजळीवर मुलतानी मातीची कोरडी पूड भुरभुरावी, तासाभरानें झाडावी. तेलकट अंश ती शोषून घेते. नंतर सुती कापड साबणाच्या पाण्यांत भिजत घालावें आणि पाणी काळें होईल तसतसें बदलावें. चोळण्याची घाई करूं नये. डाग पुरता गेल्याखेरीज इस्त्री फिरवूं नये, कारण उष्णतेनें तो पक्का होतो. रेशमी वस्त्राला सोडा वर्ज्य. जुनी पैठणी किंवा शालू असेल, तर तो नुसता कोरडा झाडून, पांढऱ्या सुती कापडांत गुंडाळून जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावा, आणि डाग धुराचा आहे हें त्याला आवर्जून सांगावें. गादींतील कापसाला धुराचा वास लागला असेल, तर कापूस पिंजून दोन उन्हें द्यावींत. वास मारण्यासाठीं अत्तर शिंपडणें म्हणजे उपाय नव्हे. वास कणांत असतो, कण गेले म्हणजे वास जातो.

येथें एक धोक्याची सूचना केलीच पाहिजे. डाग निघत नाहीं म्हणून त्रासून कांहीं लोक बाजारांतील दोन-तीन द्रवें एकत्र करतात. ब्लीचिंगचा द्रव आणि संडास धुण्याचें आम्ल एकत्र आलें, कीं क्लोरीन वायु निघतो. ब्लीचिंगचा द्रव व अमोनिया यांच्या मिश्रणांतूनही विषारी वायु निघतो. बंद न्हाणीघरांत हा प्रयोग जिवावर बेततो. शिवाय काजळीवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाहीं, हें आतांच सांगितलें. म्हणजे लाभ शून्य आणि भय मोठें.

आतां राहिल्या तसबिरी. चित्राची कांच पुसतांना पाणी कांचेवर शिंपडूं नये. तें चौकटीच्या कडेनें आंत उतरतें. फडकें किंचित ओलें करून कांच पुसावी. आंतील चित्राला बोट लावूं नये. जुन्या छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी लागलें कीं तो फुगतो आणि मऊ होतो. अशा वेळीं काथ्या तर दूरच, मऊ फडक्यानेंही चेहऱ्याची रेषा पुसून जाते. छायाचित्र कांचेला चिकटलें असेल, तर तें ओढून सोडवूं नये. तें जाणकाराचें काम आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कलावस्तूंच्या जतनाचें केंद्र आहे. अशा ठिकाणीं विचारणा करावी. आणि काहींही करण्यापूर्वीं त्या चित्राची नक्कल करून ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. दिवसाच्या उजेडांत, तिरपी चकाकी टाळून, दोन-तीन छायाचित्रें घेऊन ठेवलीं, तर पुढें काय झालें तरी चेहरा हरवत नाहीं.

या बाबतींत थोरामोठ्यांकडूनही चूक होते, याला महाराष्ट्रांतच मोठें उदाहरण आहे. अजिंठ्याचीं लेणीं १८१९ मध्यें इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडलीं. तेथील चित्रांवर दिव्यांची आणि लेण्यांत वस्ती करणाऱ्यांच्या चुलींची काजळी पुष्कळ सांचली होती. एकोणिसाव्या शतकांत त्या चित्रांच्या नकला करणाऱ्यांनीं रंग खुलून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर वार्निश लावलें. पुढें १९२० च्या सुमारास हैदराबाद संस्थानानें इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा पक्का करण्याचें मोलाचें काम केलें. पण त्या काळच्या रीतीप्रमाणें चित्रांवर लाखेचा थरही चढविला. तो थर कालांतरानें पिंवळा पडला, आणि त्याच्याखालीं काजळी कोंडली गेली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढें कित्येक वर्षें तो थर अंगुळा-अंगुळानें उतरवावा लागला. घरच्या भिंतीवर जी लाख उपकारक, तीच चित्रावर अपायकारक ठरली. कारण भिंत नवी करतां येते. अजिंठ्याचें चित्र नवें करतां येत नाहीं. आगरदांड्याच्या त्या वृद्ध आईचें बोलणें आणि पुरातत्त्ववेत्त्यांचा अनुभव हे अशा रीतीनें एकाच ठिकाणीं येऊन मिळतात.

त्या घरांत पुढें काय होतें, तेंही सांगितलें पाहिजे. मुलगा बादली खालीं ठेवतो. सून तसबीर भिंतीवरून उतरविते, ओटीवरच्या उजेडांत कांचेसकट तिची छायाचित्रें घेते, आणि चौकट उलटी ठेवून मागचे खिळे एकेक करून काढते. चित्र आणि कांच यांच्यामध्यें पुठ्ठ्याची चौकट असल्यामुळें चित्र कांचेला चिकटलेलें नसतें. वरचा कोपरा तेवढा भिजलेला असतो. चित्र टीपकागदावर, चेहरा वर करून, सावलींत ठेवतात. दोन दिवस कोणी त्याला शिवत नाहीं. तिसऱ्या दिवशीं सून चित्रकलेच्या कोऱ्या मऊ कुंचल्यानें त्यावरची मोकळी काजळी कडेकडे झाडते. चेहरा स्वच्छ निघतो. खांद्याजवळ एक करडा डाग मात्र उरतो.

"एवढा पाण्याच्या बोटानें काढून पाहूं का, आई?" सून विचारते.

"नको ग बाई," आई म्हणते. "माणूस ओळखूं येतो ना? मग राहूं दे तो."

डाग कोठवर काढावा आणि कोठें थांबावें, हें कळणें ही या कलेची शेवटची पायरी आहे.

परंतु डाग काढण्यापेक्षां तो न पडूं देणें केव्हांही श्रेष्ठ. कंदिलाची वात सरळ कापावी, ज्योत जेमतेम ठेवावी आणि कांच रोज पुसावी. चढलेली वात उजेडापेक्षां काजळीच अधिक देते. देव्हाऱ्यांतील समई भिंतीला टेकवून ठेवूं नये. उदबत्तीच्या धुरानेंही वर्षाकाठीं छत पिंवळें पडतें. जळण कोरडें वापरावें. स्वयंपाकघराला वरच्या अंगाला झरोका असावा. जुन्या कौलारू घरांत पावसाळ्यापूर्वीं, म्हणजे वैशाखांत, कौलें चाळतेवेळींच वाशांची काजळी कोरड्या कुंचल्यानें उतरवून घ्यावी. वादळ सांगून येत नाहीं. आलें तरी निदान काळें पाणी तरी घरांत गळणार नाहीं.

शेवटीं एक गोष्ट उरते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. भिंतीवर जो थर बसतो, तोच थर चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीच्या छातींत बसतो. भिंत पुसतां येते; फुप्फुसाला कुंचला लावतां येत नाहीं. घरांतील चुलीच्या व रॉकेलच्या धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष मृत्यु झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांच्या आंतील दोन लक्षांहून अधिक बालकें होतीं. भारत सरकारनें १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू करून गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसची जोडणी देण्यास आरंभ केला, त्याचें कारण हेंच. तरीही सिलिंडर महाग पडला, कीं चूल पुन्हां पेटते. वादळानें वाट अडली, कीं चूल पुन्हां पेटते. म्हणून आढ्याकडे पाहून काजळी किती सांचली आहे, याचा अदमास घेण्याची संवय प्रत्येक घरांत असावी. आढें काळें होत असेल, तर त्याच वेळीं घरांतील कोणाची तरी छाती काळी होत आहे, असें निश्चित समजावें.

धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास तर्कशास्त्र शिकवितें. काजळीवरून माणसाच्या श्वासाचें अनुमान करावयास गृहशास्त्रानें शिकविलें पाहिजे. तसबिरीवरचा करडा डाग राहिला तरी चालेल. माजघरांत खोकला राहूं नये.